करंगळी

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



आज ज्या विषयावर बोलणार आहे, त्याचे नाव घेताना घरोघरी आवाज खाली येतो. तीन-साडेतीन वर्षांचे मूल नर्सरीत, बालवाडीत किंवा अंगणवाडीत जाऊ लागते आणि त्याचे शी-शूचे अजून जमलेले नसते. बसल्या जागी चड्डी ओली होते, कधी खराबही होते. बाकीची मुले नाक धरतात, बाई वैतागतात, आई खजील होते. मुलाला तर काय झाले तेच नीट कळलेले नसते. कोणी जेवता जेवता ऐकत असाल, तर घास खाली ठेवायची गरज नाही. मी फार किळसवाणे काही सांगणार नाही. पण ज्या गोष्टीवाचून कोणाचाही दिवस जात नाही, तिच्याबद्दल एकदा मोकळेपणी बोलायला हरकत नसावी.

आपण सगळे शाळेत एक खूण शिकलो. लघवीला जायचे असेल तर करंगळी वर करायची. ही खूण इतकी अंगवळणी पडते, की पन्नाशी उलटलेली माणसेही गप्पांतून उठताना करंगळी दाखवतात आणि हसतात. पण ती कोणी पोटातून शिकून येत नाही. आधी पोटातली कळ ओळखावी लागते, मग ती थोडा वेळ धरून ठेवता यावी लागते, मग कोणाला तरी सांगता यावे लागते, चड्डी सोडता यावी लागते, नीट बसता यावे लागते आणि शेवटी धुता यावे लागते. मोठ्यांना हे एकच काम वाटते. मुलासाठी हे पाच-सहा धडे आहेत. यातला एखादा कच्चा राहिला की शाळेत फजिती होते.

हा प्रश्न आपल्याकडचाच आहे असे कोणी समजू नये. इंग्लंडमध्ये शिक्षकांमध्ये अलीकडे ज्या पाहण्या झाल्या, त्यांत शाळेच्या पहिल्या वर्गात येणाऱ्या मुलांपैकी साधारण चौथा हिस्सा मुले शौचाची सवय न लागलेली असतात, असे शिक्षकांनी सांगितले. शिकवण्याचा बराच वेळ कपडे बदलण्यात जातो, अशी त्यांची तक्रार आहे. अमेरिकेतल्या युटा राज्याने २०२४ साली कायदाच केला. मुलाला ही सवय लागलेली असेल, तरच त्याला बालवर्गात प्रवेश. अपंगत्वामुळे ज्यांना जमत नाही, त्यांना तेवढी सूट.

मुंबई-ठाण्याकडच्या काही खासगी नर्सऱ्यांत असा कायदा नसला तरी रिवाज आहे. अर्ज भरताना विचारतात, मुलाचे डायपर सुटले आहे का? माझ्या भाचीच्या मुलीला अशाच एका नर्सरीने दोन महिने थांबायला सांगितले. भाची नोकरी करते. मुलगी दिवसभर पाळणाघरात, आणि तिथे डायपर बांधून ठेवणे सर्वांच्याच सोयीचे. भाची मला फोनवर म्हणाली, “मामू, नापास तिला केले, पण निकाल माझा लागल्यासारखा वाटला.” हे वाक्य माझ्या मनात राहिले.

डायपरला दोष देऊन मोकळे होता येईल. अमेरिकेत पॅम्पर्स बाजारात आले ते १९६१ साली. पुढच्याच वर्षी टी. बेरी ब्रेझलटन या अमेरिकी बालरोगतज्ज्ञांनी मांडले, की मुलावर जबरदस्ती करू नये, त्याची शरीराची आणि मनाची तयारी दिसली की मगच शिकवावे. सल्ला चांगला होता. त्याआधी मारून-मुटकून शिकवण्याची पद्धत होती. पण पुढे ‘वाट पाहा’ एवढेच लोकांच्या लक्षात राहिले आणि ‘शिकवा’ हा भाग मागे पडला. त्यात डायपर असे कोरडे ठेवते, की ओले झाल्याचे मुलाला जाणवतच नाही. जाणवले नाही, तर ते कशाला सांगेल?

आपल्याकडची जुनी रीत वेगळी होती. घरातली म्हातारी बाई जमिनीवर पाय जवळ घेऊन बसे, बाळाला आपल्या पावलांवर बसवी आणि तोंडाने ‘शूऽऽ’ करी. काही महिन्यांचे पोरही तो आवाज ओळखू लागे. दुपटे ओले झाले की बाळ रडे, रडले की बदलले जाई. आमच्या घरी हे खाते दादीकडे होते. पाक आणि नापाक हे दोन शब्द आम्ही बाराखडीच्या आधी शिकलो. स्वच्छता हा ईमानाचा अर्धा हिस्सा, असे ती सांगे. तोटीचा बदना कोणत्या हातात धरायचा, पाणी कसे घ्यायचे, हे ती नमाजाच्या किती तरी वर्षे आधी शिकवून टाकी. यात कौतुक करण्यासारखे काय होते? तर तिच्याजवळ वेळ होता, दाराशी पाणी होते, आणि हे काम करताना तिच्या कपाळाला आठी नव्हती. तिन्ही गोष्टी जमल्या की मूल शिकते. एखादी गेली की अडते.

आता आमच्या भागाकडे येतो. जामसर हे जव्हार तालुक्यातले गाव. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, त्याआधी आम्ही ठाणे जिल्ह्यात होतो. जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके डोंगराचे आणि पाड्यापाड्यांत विखुरलेले. वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी अशी इथली वस्ती. जामसरच्या बाजूला माझे जाणे-येणे आहे, आणि कविता करणारा म्हातारा म्हणून तिथली पोरे मला ओळखतात. तशी म्हणायला पन्नाशीच आहे, पण पोरांच्या लेखी दाढी पिकली की माणूस म्हातारा.

त्या बाजूच्या एका पाड्यावरच्या अंगणवाडीत दोन-तीन वर्षांपूर्वी मला गाणी म्हणायला बोलावले होते. जूनचा महिना, नवी मुले आलेली. तासाभरात तिघांच्या चड्ड्या ओल्या झाल्या. माझ्याबरोबर एक पाहुणे होते. ते म्हणाले, “यांना घरी काही शिकवतच नाहीत.” असे बोलणारे पुष्कळ भेटतात. हे खरे आहे का, ते जरा नीट पाहू.

पाड्यावरच्या मुलाला डायपर माहीत नाही. चालू लागले की ते थोरल्या भावंडांमागे घराबाहेर हिंडते. कमरेला बहुधा काही नसते. कळ आली की बसते. अडीच-तीन वर्षांचे होईतो त्याला बरेच काही समजलेले असते. घरापासून लांब जायचे, पायवाटेवर बसायचे नाही, पाण्याजवळ बसायचे नाही, झाले की आईला हाक मारायची. म्हणजे त्याला शिकवलेले आहे. फक्त ते उघड्या रानासाठी शिकवलेले आहे.

अशा मुलाला आपण एके दिवशी चड्डी घालतो, शर्टाची बटणे लावतो आणि अंगणवाडीत नेऊन बसवतो. त्याच्या दृष्टीने चड्डी हा शाळेचा गणवेशच. तिची नाडी किंवा हूक त्याला सुटत नाही. उठून बाहेर गेले तर “बस खाली” म्हणतात. करंगळीची खूण त्याला ठाऊक नाही. घरी ज्या शब्दाने सांगतो, तो शब्द इथे चालेल की नाही, याची खात्री नाही. आणि संडासात नेले तर पत्र्याचे दार लावताच अंधार होतो, मोठ्या माणसाच्या मापाच्या भांड्यावर त्याचे पाय फाकत नाहीत, मधले भोक त्याला विहिरीसारखे वाटते. तो रडत बाहेर येतो आणि अंगणात येऊन करतो. आपण म्हणतो, याला काही कळत नाही. खरे तर एक शिकलेली गोष्ट विसरून दुसरी शिकायला आपण त्याला सांगत असतो, तीही एका दिवसात.

दुसरी गोष्ट पाण्याची. आमच्याकडे पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तरी उन्हाळा लागला की विहिरी तळ गाठतात. बाया डोक्यावर हंडे घेऊन चढ चढतात. काही पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. एका मुलाला धुवायला टमरेलभर आणि भांड्यात ओतायला अर्धी बादली, असा हिशेब धरा. वीस मुलांचे किती झाले? प्यायच्या हंड्यातून ते द्यायला कोणती बाई तयार होईल? संडास बांधून झाला म्हणजे काम संपले असे आपण समजतो, पण पाण्याशिवाय संडास म्हणजे नुसती खोली. मग तिच्यात झाडू, फुटकी पाटी आणि जुनी रजिस्टरे जाऊन बसतात. हे मी कोणा एका गावाबद्दल बोलत नाही. महाराष्ट्रात कुठेही पाहायला मिळेल.

तिसरी गोष्ट स्थलांतराची. दिवाळी आटोपली की कितीतरी कुटुंबे भिवंडी, वसई, वाडा, कल्याणकडे वीटभट्टीवर जातात. तिथे राहायला भोंगा, म्हणजे विटा रचून वर गवत-पेंढा टाकलेले खोपटे. जूनपासून दिवाळीपर्यंत अंगणवाडीत जे शिकले, ते पोर भट्टीवर विसरते, कारण तिथे संडास नाही आणि मावशीही नाही. या मुलांची शाळा बुडू नये म्हणून नव्वदच्या दशकात विधायक संसद या संस्थेने भट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या. पण तीन-चार वर्षांच्या पोराची शी-शूची सवय ही रोजची, त्याच माणसाच्या हातची, त्याच जागेची गोष्ट आहे. वर्षातून दोनदा घर बदलणाऱ्याला ती लागायला वेळ लागणारच.

याच जिल्ह्यात हा प्रश्न एकदा नीट समजून घेतला गेला होता, म्हणून ते सांगतो. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. त्याआधी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी काम केले होते आणि १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला होता. पुण्यातली नोकरी सोडून आलेल्या अनुताई वाघ त्यांना बोर्डीत येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये हे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी मुलांमध्ये गेले. बोर्डीच्या हरिजनवाड्यातली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणात भरते म्हणून अंगणवाडी. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा हेच नाव देशभर गेले. आज तमिळनाडूपासून आसामपर्यंत लोक जो शब्द वापरतात, तो आपल्या बोर्डीच्या अंगणातला आहे.

या दोघींच्या बालवाडीत स्वच्छता हा शिक्षणाचाच भाग होता. हात-पाय-तोंड धुणे, नखे, केस, अंघोळ. मूल स्वच्छ होऊन आले तरच घेऊ, असे त्या म्हणाल्या नाहीत. आले तसे घेतले आणि स्वच्छ होणे शिकवले. अट आणि धडा यांतला फरक तो हाच.

ताराबाईंनी ज्यांची पद्धत आपल्या मातीत रुजवली, त्या मारिया मॉन्टेसरी यांची एक हकिकत आहे. १९०७ साली रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी पहिले बालगृह काढले. तिथे एकदा त्यांनी मुलांना नाक कसे शिंकरावे, हे दाखवले. रुमाल कसा धरायचा, आवाज न करता कसे शिंकरायचे, एवढेच. मुले अगदी टक लावून पाहत होती आणि शेवटी त्यांनी टाळ्या वाजवल्या. मॉन्टेसरीबाई चकित झाल्या. मग त्यांच्या लक्षात आले, की नाक गळते म्हणून या मुलांना प्रत्येकाने हिणवले होते, पण कसे शिंकरायचे ते आजवर कोणी शांतपणे शिकवलेच नव्हते. आमच्या विषयाचे सगळे सार या टाळ्यांत आहे.

आता अंगणवाडीत हे शिकवायचे कोणी? सेविका शिकवतात, नोंदी ठेवतात, वजन-उंची घेतात, दंडाचा घेर मोजतात, मोबाइलमधल्या पोषण ट्रॅकरमध्ये भरतात. आमच्याकडे या नोंदींना महत्त्व आहे आणि ते असायलाच हवे. १९९२ साली याच तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने बालके गेली, ते आम्ही विसरलेलो नाही. आज खिचडी आहे, अमृत आहार योजनेतून अंडी-केळी आहेत. पण मुलाच्या पोटात काय जाते याचा जेवढा विचार होतो, तेवढा बाहेर काय पडते, कुठे पडते आणि नंतर हात कोण धुतो, याचा होत नाही. वरचेवर जुलाब होणाऱ्या पोराच्या अंगी खिचडी लागत नाही. लहान मुलाच्या शीला काय होते, असे म्हणून आपण ती अंगणाच्या कडेला टाकतो. तिच्यात मोठ्यांच्या विष्ठेइतकेच रोगजंतू असतात. म्हणजे ज्याला आपण पोराची फजिती म्हणतो, तो त्याच्या वजनाचाही प्रश्न आहे.

प्रत्यक्षात हे काम पडते मदतनीस बाईंवर. मुले गोळा करून आणणे, झाडणे, पाणी भरणे, आहार वाढणे, भांडी घासणे, आणि कोणाचे चड्डीत झाले तर तेही. डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ मध्ये राज्यभरच्या सेविका आणि मदतनीस संपावर गेल्या होत्या. त्या वेळी मदतनिसाचे मानधन महिना साडेपाच हजार रुपये होते. नंतर ते वाढले. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये या बायकांना ग्रॅच्युइटीचा हक्क असल्याचा निकाल दिला. पण आजही त्यांना मिळते ते मानधनच. ज्या कामाला पगार म्हणायला आपण तयार नाही, त्या कामात त्यांनी कुरकुर करू नये अशी मात्र आपली अपेक्षा असते.

आणि मावशी रजेवर असल्या की काय होते, ते खेड्यात राहणाऱ्यांनी पाहिले असेल. शेजारी जिल्हा परिषदेची शाळा असते. तिथे निरोप जातो, “अमकीला पाठवा, तिच्या भावाने घाण केली आहे.” तिसरीतली बहीण पाटी-पुस्तक ठेवून येते. त्याला उचलते, धुते, चड्डी पिळते, कधी घरी घेऊन जाते आणि परत येत नाही. मोठा भाऊ त्याच वर्गात बसलेला असला, तरी निरोप बहिणीलाच. अशा एका मुलीला मी विचारले होते, आज काय शिकलीस? ती म्हणाली, “भागाकार चालू होता, मी नव्हते.” आठ-नऊ वर्षांच्या मुलीचे हे दिवस कोणत्या रजिस्टरात मोजले जातात? हजेरीपटावर ती हजरच असते.

हे काम आपल्याला हलके का वाटते, याचे उत्तर जातीत आहे, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. दुसऱ्याची घाण काढणे हे आपण शतकानुशतके काही माणसांच्या कपाळी लिहून ठेवले. डोक्यावरून मैला वाहून नेण्यावर बंदी घालणारा कायदा १९९३ साली आला, २०१३ साली आणखी कडक कायदा करावा लागला. कायद्याने टोपली गेली, मनातली किळस राहिली. ती किळस आपण चार वर्षांच्या पोराकडेही वळवतो. गावोगाव हागणदारीमुक्तीची मोहीम होती, तेव्हा पहाटे गुड मॉर्निंग पथके फिरत, लोकांना गाठून लाजवत. मोठ्यांना लाजवून किती फरक पडला, याची चर्चा वेगळी. पण लाजवलेले लहान मूल शिकत नाही. ते धरून ठेवायला शिकते. धरून धरून शौच घट्ट होते, बसताना दुखते, दुखते म्हणून ते आणखी धरते, आणि मग कडेकडेने पातळ गळून चड्डी खराब होते. आपण म्हणतो, मुद्दाम करतो. खरे म्हणजे त्याला त्या वेळी कळतच नाही. अशा मुलाला मार नको, डॉक्टर हवा.

लाजेचा दुसरा धोका याहून मोठा आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला शाळेतल्या दोन चिमुरड्यांवर झालेला अत्याचार उघडकीस आला, तेव्हा सगळा महाराष्ट्र हादरला. मुलाला शौचाला नेणारे माणूस कोण, हा शिस्तीचा नव्हे, सुरक्षिततेचा प्रश्न आहे, हे तेव्हा लोकांना उमगले. लहान मुलांना नेणारी बाई ठरलेली असावी, ओळखीची असावी, आणि दुसऱ्या कोणाच्या तरी नजरेच्या टप्प्यात असावी. मुलाला आपल्या अवयवांची नावे माहीत असावीत आणि ती उच्चारायची भीती वाटू नये. ज्या घरात ‘शू’ म्हटले तरी डोळे वटारतात, त्या घरातले मूल याहून मोठे काही झाले तर कोणत्या शब्दांत सांगणार?

शब्दांवरून आठवले. त्या पाड्यावरच्या सेविका मला म्हणाल्या, “चाचा, चंद्राची, पोपटाची, मामाच्या गावाची गाणी पुष्कळ झाली. शी-शूचे एक करून द्या. पोरे सांगायला लागतील.” तीस वर्षे कविता करतो आहे, अशी मागणी कोणी केली नव्हती. मी कागद घेतला आणि अडलो. परसाकडे, टमरेल, डबा, बाहेर जाणे, एक नंबर, दोन नंबर. मराठीत आडून सांगणारे शब्द खूप, पण तीन वर्षांच्या तोंडी सहज बसतील असे मोजकेच. शेवटी चार ओळी झाल्या, त्या अशा:

पोटात झाली गुडगुड,
ताई, माझा हात धर,
चड्डी खाली, टमरेल भर,
हात धुऊन ये लवकर.

कविता म्हणून हिला कुठे बक्षीस मिळणार नाही. ‘चड्डी’ शब्द आला की वर्ग हसून लोटपोट होतो. पण त्या हसण्यात कोणी एकटे पडत नाही, सगळेच हसतात. आता खिचडीच्या आधी एकदा आणि नंतर एकदा हे गाणे होते आणि रांग संडासाकडे जाते. गाण्याने सवय लागली, असे मी म्हणणार नाही. सवय लावली ती मावशींनी. त्यांनी संडासाचे दार उघडे ठेवून स्वतः उंबऱ्याशी बसायचे ठरवले. त्यांनी भोकाच्या दोन्ही बाजूंना विटा ठेवून मुलांच्या पायांच्या मापाची जागा केली. ज्या मुलीचे रोज ओले होत होते आणि जी लाजून यायचीच बंद झाली होती, तिच्या घरी त्या दोनदा जाऊन आल्या. तिच्या आईला म्हणाल्या, “ओली झाली तर झाली. माझ्याकडे दुसरी चड्डी आहे. तू पाठव.” दिवाळीच्या आत ती मुलगी स्वतःहून उठून जाऊ लागली. पुढे ते कुटुंब भट्टीवर गेले.

मावशींनी केले त्यात अवघड काही नव्हते. कोणत्याही घरी, कोणत्याही शाळेत करता येईल असे ते आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. मूल साधारण दोन-अडीच वर्षांचे झाले, तासभर कोरडे राहू लागले, की दिवसा डायपर काढावे. “आली का?” असे सारखे विचारू नये. खाल्ल्यानंतर पोट आपोआप हलते, म्हणून जेवणानंतर पाच-दहा मिनिटांनी नेऊन बसवावे. चड्डी इलॅस्टिकची, सैल. नाडी, हूक, पट्टा नको. पाय टेकायला जागा हवी, उजेड हवा, पाणी त्याच्या हाताला पोचेल असे हवे आणि साबणही. शाळेत दोन चड्ड्या जास्तीच्या ठेवाव्यात. झाले तर झाले म्हणून बदलावे, चार जणांत बोलू नये. रात्रीचे ओले होणे पाच-सहा वर्षांपर्यंतही असते, त्यासाठी मुलाला रागावू नये. पण सुटलेली सवय पुन्हा लागली, लघवीला जळजळ होत असेल, शौचाला दुखत असेल, किंवा वय वाढूनही काहीच जमत नसेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. आणि अपंग मुलाला तर याबाबतीत कोणी काळवेळ घालून देऊच नये.

बाकीचे काम गावाचे आहे. आमचा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. पेसाचा पाच टक्के अबंध निधी २०१५ पासून थेट ग्रामपंचायतींकडे येतो आणि तो कशावर खर्च करायचा, हे ग्रामसभेला ठरवता येते. रस्ता, समाजमंदिर, कमान यांच्या यादीत एक ओळ वाढवा. अंगणवाडीला लहान भांड्याचा संडास, वर पाण्याची टाकी, दाराला वरून उजेड. ग्रामसभेत हा विषय मांडताना कोणी हसले तर हसू द्यावे. आमच्या पोरांसारखे सगळे मिळून हसले, तर ठराव लवकर होईल.

आणि शाळांना एक विनंती. प्रवेशाच्या वेळी मुलाला सवय लागली आहे का, असे विचारू नका. त्याऐवजी आईला विचारा, की शी-शू लागली की हा घरी काय म्हणतो? ती जो शब्द सांगेल, तो रजिस्टरात नावाशेजारी लिहून ठेवा. वारली घरातला असो, माझ्या घरातला असो, पुण्या-मुंबईचा असो. पहिले काही दिवस बाईंनी त्याचा शब्द वापरावा. करंगळी त्याला आपण सावकाश शिकवू.